जुना आघात आणि कोंडणारा श्वास: तपासणी, नोंद आणि उपचार कसे करावेत

महापुरातून वाचलेली, अपघातात गाडीखाली अडकलेली, कोविडच्या काळात अतिदक्षता विभागात दिवस काढलेली किंवा लहानपणी घरातच मारहाण सोसलेली व्यक्ती काही महिन्यांनी, कधी कधी काही वर्षांनी, दवाखान्यात जाते ती ‘धाप लागते’, ‘छातीत कोंडल्यागत होतं’, ‘श्वास पुरा येतच नाही’ अशा तक्रारी घेऊन. छातीचा फोटो चांगला येतो, ईसीजी चांगला येतो, आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर विषय मिटतो. याच्या उलटही घडते. घरचे लोक ‘पुराचं मनाला लावून घेतलंय’ म्हणून समजूत काढत राहतात आणि पाणी ओसरल्यावर ओल धरलेल्या भिंतींवरच्या बुरशीने उफाळलेला दमा वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही चुका एकाच हट्टातून होतात: दुखणे एक तर मनाचे असले पाहिजे, नाही तर छातीचे. पुढे दिलेली पद्धत हा हट्ट बाजूला ठेवते. दोन्ही बाजूंची तपासणी बरोबरीने चालवायची आणि त्यांच्यातला संबंध तर्काने न ठरवता लेखी नोंदीतून शोधायचा, एवढेच तिचे सूत्र आहे.

वाट न पाहण्याची लक्षणे

ओठ किंवा नखे निळसर होणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, छातीतले दुखणे डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात उतरणे, शुद्ध हरपणे, थुंकीतून रक्त पडणे, एकाच पायाला सूज येऊन अचानक धाप लागणे किंवा ठरलेल्या औषधाने दम्याचा झटका न उतरणे, यांपैकी काहीही असेल तर मनावरच्या आघाताचा विचार नंतर करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाबरल्यामुळे होणारा त्रास आणि हृदयविकाराचा झटका यांतला फरक घरी बसून ओळखता येत नाही; पहिल्यांदाच असा त्रास झालेल्या व्यक्तीने तो ओळखण्याचा प्रयत्नही करू नये.

शरीरात काय घडते

धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डाला हा छोटा भाग विचारांच्या आधी जागा होतो, ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी म्हणून श्वास जलद व उथळ होतो. पोटाऐवजी छातीचा वरचा भाग आणि मानेचे स्नायू श्वास ओढू लागतात. प्रत्यक्ष धोक्यात हे उपयोगाचेच असते. आघात झालेल्या व्यक्तीत मात्र ही यंत्रणा धोका टळल्यानंतरही सैल पडत नाही. कोल्हापूरकराला हे राजाराम बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरून चटकन समजेल: पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण कोणी या खुणा पुसून २० फुटांवर रंगवल्या तर दर पावसाळ्यात, नदी पात्रात असतानाही, भोंगा वाजत राहील. शरीराची खूण अशी खाली सरकलेली असते, आणि ती व्यक्तीने मुद्दाम सरकवलेली नसते.

जलद श्वासाचा पुढचा परिणाम रसायनशास्त्राचा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण निम्मी भीती त्यानेच कमी होते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. गरज नसताना त्याहून जलद किंवा खोल श्वास चालू राहिला तर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो आणि रक्त नेहमीपेक्षा किंचित जास्त अल्कधर्मी होते. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने गरगरते, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तातील मोकळे कॅल्शियम घटल्याने ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटे आखडून वळतात. ऑक्सिजन मात्र भरपूर असतो. म्हणूनच ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ दाखवत असताना माणूस ‘हवा पुरत नाही’ म्हणत असतो, आणि तो खोटे बोलत नसतो. ती जाणीव खरी असते. तिचे कारण हवेचा तुटवडा नसते एवढेच.

सगळ्यांनाच धाप लागते असेही नाही. काहींचा श्वास भीतीने थबकतो. खांदे वर, पोट घट्ट, श्वास अर्ध्यावर अडकलेला आणि मध्येच एखादा मोठा उसासा किंवा लागोपाठ जांभया, अशी ही पद्धत वर्षानुवर्षे चालते आणि त्या व्यक्तीला तिचा पत्ताही नसतो. आणखी काही जणांना घशातच काही आवळल्यासारखे वाटते आणि श्वास आत घेताना आवाज येतो. अशा वेळी स्वरतंतू श्वास घेताना उघडण्याऐवजी मिटत असण्याची शक्यता असते. हा प्रकार दमा समजून वर्षानुवर्षे पंपाने हाताळला जातो आणि पंपाचा गुण येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

हे नवे शोध नाहीत. अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांमध्ये धाप, धडधड आणि थकवा यांची तक्रार असूनही हृदयात दोष सापडत नाही, अशी निरीक्षणे जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये नोंदवली होती. पीटीएसडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आघातोत्तर ताणविकाराला अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्थान मिळाले ते १९८० मध्ये. न्यूयॉर्कमधील २००१ च्या हल्ल्यानंतर कोसळलेल्या इमारतींच्या धुळीत काम केलेल्या बचावकर्मींमध्ये फुफ्फुसाच्या तक्रारी आणि हा ताणविकार एकत्र आढळले. त्यातून शिकण्यासारखे हे, की धूळ खरी होती, भीतीही खरी होती आणि एकामुळे दुसरे बळावत होते. बालपणीच्या छळाचे प्रकार जितके जास्त तितके प्रौढपणी फुफ्फुसाच्या दीर्घ आजारांचे प्रमाण जास्त, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात दिसले. त्यातला एक दुवा धूम्रपानाचा आहे, कारण मनाला थारा नसलेला मुलगा विडी-सिगारेटकडे लवकर वळतो.

पहिली पायरी: छातीची तपासणी

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात श्वास बिघडवणारी कारणे मुबलक आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली सिलिकाची धूळ, इचलकरंजीच्या मागावरचे सुताचे कण, हंगामात गुऱ्हाळाचा धूर आणि पेटवलेले पाचट, पुरानंतरची ओल. त्यामुळे मनाकडे वळण्याआधी, किंवा वळता वळता, पुढील तपासण्या कराव्यात, असे माझे ठाम मत आहे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी. बायकांच्या बाबतीत हिमोग्लोबिन कधीही गृहीत धरू नये. जिना चढताना लागणाऱ्या धापेमागे कित्येकदा फक्त पंडुरोग असतो.

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोराने फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी. औषध ओढण्याआधी आणि नंतर ती करतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर ते दम्याकडे बोट दाखवते. पण दम्याचा त्रास होत नसलेल्या वेळी तीच चाचणी पूर्ण चांगली येऊ शकते, म्हणून एका चांगल्या अहवालावरून ‘दमा नाही’ असा निष्कर्ष काढू नये. पीक फ्लो मीटर हे छोटे, स्वस्त साधन घरी ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिला तर डॉक्टरांना त्याचा अधिक उपयोग होतो. या चाचणीत चेहऱ्याजवळ नळी, नाकाला चिमटा आणि ‘आणखी जोरात, आणखी जोरात’ असा तंत्रज्ञाचा आग्रह असतो. बुडता बुडता वाचलेल्या किंवा कोणी तोंड दाबून धरलेल्या व्यक्तीला हे असह्य होऊ शकते. तसे असेल तर आधीच सांगावे. थांबत थांबत, सोबत घरचे माणूस उभे करून चाचणी करता येते.

औषधांची यादी दाखवणेही इथेच येते, आणि हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. दम्यात श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाने हात थरथरतात आणि छाती धडधडते; ही धडधड घाबरलेल्या माणसाला झटक्याची सुरुवात वाटते आणि तो पुन्हा पंप घेतो. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडू शकते व मन अस्वस्थ होऊ शकते. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्ट या गोळीमुळे वाईट स्वप्ने, चिडचिड किंवा नैराश्य येऊ शकते, यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. दुसऱ्या बाजूने, धडधडीसाठी सर्रास दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकते. म्हणून छातीच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्या आणि मनाच्या डॉक्टरांना छातीच्या गोळ्या दाखवल्याच पाहिजेत. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दुसरी पायरी: नोंदवही

दोनशे पानी साधी वही पुरेशी आहे. प्रत्येक त्रासाच्या वेळी, किंवा तो उतरल्यावर तासाभरात, एवढे लिहावे: तारीख व वेळ, जागा, त्याआधीच्या दहा मिनिटांत नेमके काय घडले, श्वास कसा होता (जलद, अडकलेला, घशात आवळलेला, छातीत घरघर असलेला), मुंग्या किंवा गरगर आली का, काय केल्याने उतरला आणि किती वेळात. ‘टेन्शन आले’ असे लिहू नये, कारण त्यातून काहीच कळत नाही.

एक नमुना पाहा. समजा, प्रयाग चिखलीत २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत घर सोडावे लागलेल्या एका गृहिणीची ही जुलैतली पाने आहेत. त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, हे लक्षात ठेवून वाचावे. ‘सकाळी सव्वासात. स्वयंपाकघर. चहा ठेवला होता. गावच्या ग्रुपवर पातळीचा मेसेज आला, २९ फूट. वाचून गच्चीवर कपडे काढायला गेले, जिन्यात धाप लागली. बोटांत मुंग्या. बसल्यावर वीस मिनिटांनी कमी.’ दुसऱ्या दिवशी: ‘दुपार. मागची खोली. जुनी गादी उचलली. खोकला, शिंका, रात्री घरघर. पंपाने बरे वाटले.’ तिसरी नोंद: ‘रात्री अडीच. पत्र्यावर पावसाचा आवाज. जाग आली ती श्वास अडकूनच. दिवा लावला, मुलांना पाहिले, मग सुटला.’

तीन नोंदींत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत जिना निमित्तमात्र आहे. मेसेजनंतर श्वास आधीच वाढलेला होता आणि मुंग्यांवरून कार्बन डायऑक्साइड घटल्याचे दिसते. दुसरी नोंद दम्याची आहे: धूळ, बुरशी, शिंका, घरघर आणि पंपाचा गुण. तिथे समुपदेशनाचा उपयोग नाही, ती गादी टाकून द्यायला हवी. तिसरी अधिक अवघड आहे, कारण पावसाच्या आवाजाने आठवण चाळवली असेल किंवा झोपेत घोरणे व श्वास थांबणे हा वेगळा विकार असेल. आघातोत्तर ताणविकार असलेल्यांत हा झोपेचा विकार पुष्कळदा आढळतो. रोज घोरणे आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी सुचवली जाते. अशी तीन-चार आठवड्यांची पाने डॉक्टरांपुढे ठेवली की दहा मिनिटांच्या भेटीतही काम होते.

वही भरताना एक पथ्य पाळावे. मूळ प्रसंग तपशिलाने लिहिण्याची गरज नाही. ‘पुराची आठवण’ किंवा ‘ती गोष्ट’ एवढे शब्द पुरतात. आधाराशिवाय एकट्याने जुना प्रसंग उकरत बसल्याने त्रास वाढू शकतो.

झटका आल्यावर

‘मोठा श्वास घे’ हा सर्वांत प्रचलित सल्ला आहे आणि या प्रसंगी तो उलट्या दिशेचा आहे. हवा आधीच जास्त घेतली जात असते. त्यावर आणखी मोठे श्वास घेतले की मुंग्या आणि गरगर वाढते. सुरुवात श्वास सोडण्यापासून करावी. खुर्चीत किंवा पायरीवर बसून कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत, खांदे सोडावेत, ओठ बारीक करून सावकाश फुंकर घालावी आणि फुंकर संपल्यावर नाकातून हवा आपोआप जेवढी आत येईल तेवढीच येऊ द्यावी. आत घेताना मनात चारपर्यंत आणि सोडताना सहापर्यंत मोजले तर मिनिटाला सहा श्वास होतात. तेवढे जमले नाही तरी हरकत नाही. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब असावा, इतके सांभाळले तरी पुरे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये, कारण दमा किंवा हृदयविकार असेल तर ऑक्सिजन घटून तो जीवावर बेतू शकतो. दमा ठरलेला असेल तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप आधी घ्यावा, फुंकर नंतर.

काही व्यक्तींना श्वासाकडे लक्ष दिले की उलट घाबरे होते. ज्यांचा आघातच श्वासाशी जोडलेला आहे, म्हणजे बुडणे, गळा दाबला जाणे, कृत्रिम श्वसनयंत्रावर राहणे, त्यांच्यात हे विशेष दिसते. त्यांनी श्वास मोजूच नये. डोळे उघडे ठेवून पायांचे तळवे जमिनीवर दाबावेत, थंड पाण्याचा तांब्या हातात धरावा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत आणि आजचा वार, तारीख, आपण कुठे आहोत हे उच्चारावे. बोलताना श्वास बाहेर पडतोच, आणि तो मोजावा लागत नाही.

प्राणायामाबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण तो घरोघरी सुचवला जातो. कपालभाती आणि भस्त्रिका हे जलद श्वासाचे प्रकार आहेत आणि ते अशा व्यक्तीत नेमका तोच झटका उभा करू शकतात. श्वास रोखून धरण्याचा कुंभकही सुरुवातीला टाळावा. भ्रामरी, किंवा त्याहून सोपे म्हणजे अभंग, आरती, ओवी लांबवून म्हणणे, बहुतेकांना मानवते, कारण त्यात श्वास सोडण्याचा काळ आपसूक वाढतो. सराव त्रास नसताना, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे करावा. झटक्याच्या वेळी पहिल्यांदाच करून पाहिलेली युक्ती सहसा लागू पडत नाही.

आणखी एक सवय हळूहळू मोडावी लागते. धाप लागेल या भीतीने माणूस जिना टाळतो, बाजाराला जाणे टाळतो, मग स्नायू दुबळे पडतात आणि थोड्या श्रमानेही खरोखरच धाप लागते. तपासणीत हृदय व फुफ्फुसे ठीक असल्याचे कळल्यावर चालणे टप्प्याटप्प्याने वाढवावे: आधी रंकाळा तलावाच्या कडेने थोडे अंतर, मग अर्धी फेरी, मग एखादा चढ. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानाची छाती भात्यासारखी हलत असते आणि तो घाबरत नाही, कारण ही धाप श्रमाची आहे हे त्याच्या शरीराने शिकून घेतलेले असते. तेच शिक्षण इथे नव्याने घ्यायचे आहे.

घरच्यांनी

‘किती दिवस तेच उगाळत बसणार’ असे म्हणू नये आणि भोवती घोळकाही करू नये. एकाने समोर, थोड्या अंतरावर बसावे, न विचारता अंगाला हात लावू नये आणि स्वतः सावकाश बोलावे. ऑक्सिमीटर एकदा लावून पाहावा, पुन्हा पुन्हा लावू नये. कोविडनंतर अनेक घरांत हा चिमटाच काळजीचे कारण झाला आहे. मात्र आघात देणारी व्यक्ती अजून घरातच असेल तर तो भूतकाळ नव्हे. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. गळा दाबला गेला असेल तर बाहेर वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे, कारण आतली सूज काही तासांनी वाढू शकते.

उपचार कोठे आणि कसे

प्रसंगानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणे, दचकणे, छाती भरून येणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे आपोआप ओसरते. या काळात कोणाला बसवून सगळी हकीकत वदवून घेऊ नये. महिना उलटूनही आठवणी, टाळाटाळ आणि श्वासाचा त्रास टिकून असेल, किंवा जुना त्रास पुन्हा उसळला असेल, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, ही सरकारी सोय आहे. तिथे मनोविकार आणि छातीचे विकार अशा दोन्ही विभागांची चौकशी एकाच फेरीत करावी. घरातून बाहेर पडणे शक्य नसेल तर १४४१६ या टेलीमानस नावाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आणि चोवीस तास चालते.

डॉक्टरांपुढे सगळे सांगण्याचे बंधन नाही. ‘२०२१ च्या पुरानंतर हा त्रास सुरू झाला, तपशील आज नको’ एवढे वाक्य पहिल्या भेटीला पुरते. आघातावर केंद्रित असलेली, विचार व वागण्याच्या सवयी बदलणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धत आणि डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणी हाताळणारी ईएमडीआर या दोन उपचारांना चांगला आधार आहे, आणि ते साधारण आठ ते बारा बैठकांचे असतात. औषधांत सरट्रालीन किंवा पॅरोक्सेटीन दिले जाते, ज्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तात्पुरते शांत वाटते, पण सवय लागते, श्वसन मंदावते आणि मूळ विकार तसाच राहतो. फुफ्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांनी त्या विशेष जपून घ्याव्यात. खर्चाचा प्रश्न असेल तर विमा कंपनीला विचारावे, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक केले आहे.

उपचार सुरू करण्यासाठी फेब्रुवारी-मार्च हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. पाऊस दूर असतो, आणि जूनपर्यंत बैठकांचा मोठा भाग पूर्ण होऊ शकतो. मे महिन्यात दम्याच्या औषधांचा आढावा डॉक्टरांकडून घ्यावा, पंप आणि कागदपत्रे प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत एका जागी ठेवावीत, भिंतींची ओल व बुरशी घासून काढून घ्यावी. पाणीपातळीचे मेसेज वाचण्याची जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीकडे द्यावी आणि कितव्या फुटाला सामान हलवायचे, हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे.